मांजराचीं नखें

मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावयाची, हा उंदरांच्या सभेंतील प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. उंदरांना तो कधींच सुटला नाहीं. अलीकडे जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित कुटुंबांत त्याच जातीचा एक नवा प्रश्न उपस्थित होऊं लागला आहे : मांजराचीं नखें कोणी कापावयाचीं? घरांतील कर्ता पुरुष गृहिणीकडे पाहतो, गृहिणी मुलांकडे पाहते, मुलें नेलकटर पुढें करून स्वतः मागें सरतात. आणि ज्याच्या नखांचा हा विचार चाललेला असतो तें मांजर खिडकींत बसून शांतपणें पंजा चाटीत असतें.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे खरा. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळदां एका मुक्या जिवाचें भवितव्य अवलंबून असतें. लहान मुलाच्या गालावर एक ओरखडा उठतो, नव्या सोफ्याचें कापड उसवतें, आणि दुसऱ्या दिवशीं तें मांजर पोत्यांत घालून गिरणेपलीकडे किंवा पांझरेच्या कांठीं सोडून देण्याची भाषा सुरू होते. घरांत वाढलेलें मांजर असें परक्या ठिकाणीं सोडणें म्हणजे त्याला कुत्र्यांच्या, मोटारींच्या आणि उपासाच्या तोंडीं देणेंच होय. जें संकट दोन मिनिटांच्या कामानें टळलें असतें, त्यासाठीं एवढी मोठी शिक्षा! म्हणून हें दोन मिनिटांचें काम नीट समजून घेणें अगत्याचें आहे. त्यांत दोन गोष्टी येतात. नखें कशीं कापावीं ही एक, आणि कोणत्या मांजराचीं कापावीं ही दुसरी. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

खानदेशांत मांजर हें मूळचें शोभेचें जनावर नव्हे. तें घरांतील एक कामकरी होतें. जुन्या धाब्याच्या घरांतून ज्वारी-बाजरीच्या कणग्या असत, एखाद्या खोलींत कापूस भरलेला असे, आणि उंदीर-घुशींना त्या घरांत कशाचीच वाण नसे. तेथें मांजर आपली भाकर आपल्या पंजावर मिळवीत असे. धान्याच्या बाजारांत, डाळीच्या गिरण्यांत आणि जुन्या गल्ल्यांतील वखारींत आजहि मांजर दिसतें तें याच नात्यानें. विसाव्या शतकाच्या आरंभीं प्लेगनें सारा मुलूख हैराण झाला असतां या कामकऱ्याचें मोल वैद्यकशास्त्राच्या दरबारींहि ओळखलें गेलें. शेजारच्या वऱ्हाडांत, अमरावतीस असलेले सरकारी वैद्यकीय अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं १९०८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकांत लेख लिहून, मांजर हें प्लेगचें निवारण करणारें जनावर आहे असें प्रतिपादन केलें. मांजरालाहि प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसास होऊं शकतो, हें आज ठाऊक असल्यामुळें तो उपाय आतां कोणी सुचविणार नाहीं. परंतु त्यावरून एवढें दिसतें कीं, एके काळीं मांजराचें नख हें घराचें संरक्षण मानलें जात असे. तें बोथट करावें हा विचार त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि आला नसता.

मग तो आज कां यावा? याचें उत्तर देण्यापूर्वीं मांजराचें नख ही काय वस्तु आहे तें पाहिलें पाहिजे. माणसाचें नख बोटावर चपटें बसलेलें असतें. मांजराचें नख बोटाच्या अगदीं शेवटच्या हाडावर आंकड्यासारखें वाढतें. कुत्र्याचीं नखें सदैव बाहेर असतात आणि चालतांना जमिनीवर घासून झिजतात. मांजराचें तसें नाहीं. एक लवचीक बंध त्याचें नख वर ओढून कातडीच्या घडींत मिटवून ठेवतो, आणि त्याकरितां मांजराला कांहींच श्रम पडत नाहींत. शिकार धरावयाची झाली, झाडावर चढावयाचें झालें, कीं पायांतील स्नायु आंखडतो, त्याची दोरी ओढली जाते आणि नख बाहेर येतें. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें शस्त्र शिवाजी महाराजांनीं मुठींत दडवून नेल्याचें सांगतात, त्या वाघनखांचें नांव आणि त्यांची युक्ति हीं दोन्ही याच कुळाच्या पंजावरून आलेलीं आहेत. या कुळांत चित्ता तेवढा वेगळा. २०२२ सालीं शेजारच्या मध्यप्रदेशांत कुनो येथें आणून सोडलेल्या चित्त्यांचीं नखें पुरतीं मिटत नाहींत. भरधांव पळतांना तीं जमिनींत रोवावीं लागतात. घरांतील मांजर मात्र आपलें हत्यार म्यानांत ठेवूनच वावरतें.

म्यानांत राहणारें हत्यार झिजत नाहीं; मग त्याची धार कशी राखली जाते? मांजराचें नख कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थरावर थर चढत वाढतें. बाहेरचा थर जुना झाला म्हणजे मांजर दाराची चौकट, खाटेचा पाय किंवा सोफ्याची कड ओरबाडतें, आणि तो थर टरफलासारखा गळून पडतो. अशीं चंद्रकोरीच्या आकाराचीं टरफलें घर झाडतांना पुष्कळांना सांपडलीं असतील. आंतून नवें, तीक्ष्ण टोंक निघतें. ओरबाडणें हा मांजराचा खोडसाळपणा नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें. तो त्याचा नित्यनेम आहे. त्यानें त्याचें आंगहि मोकळें होतें, आणि पंजांतील ग्रंथींचा वास तेथें लागून ‘ही जागा माझी’ अशी खूणहि राहते. त्याबद्दल मांजरास मारणें म्हणजे आंघोळ करणाऱ्यास शिक्षा करण्यासारखें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जळगांवच्या एखाद्या चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत नात मांजराला मांडीवर घेऊन नेलकटर उघडते, तेव्हां आजी म्हणते, “अगं माय, नखें कापलींस तर तें बिचारें उंदीर कसा धरील?” नात म्हणते, “आजी, इतक्या वर उंदीर येतो कुठें? तुझ्या साडीचे धागे मात्र रोज निघतात.” या संवादांत दोघींचेंहि खरें आहे. आजी बोलते ती धाब्याच्या घरांतील मांजराविषयीं. नात बोलते ती कुलूपबंद सदनिकेंतील मांजराविषयीं. दोघींच्या बोलण्यांतून नियम निघतो तो असा : ज्या मांजराचें पोट आणि ज्याचें रक्षण या दोहोंचाहि भार घरानें पूर्णपणें उचलला आहे, त्याच मांजराच्या नखांना हात लावावा. जें मांजर दिवसभर घरांत आणि रात्रीं गल्लींत असतें, ज्याच्यामागें कुत्रें लागलें असतां लिंबावर चढण्यावांचून दुसरा आसरा नाहीं, त्याचीं नखें कापणें हा अन्याय आहे. टोंक गेलेल्या नखाची खोडावरील पकड ढिली पडते, आणि एका निसटत्या पावलावर त्याचा जीव जातो. अशा मांजराचे पंजे अधूनमधून पाहावेत एवढेंच पुरे.

कापण्याच्या कामाचे दोन भाग आहेत : तयारी आणि प्रत्यक्ष कापणें. तयारीस पंधरा दिवस लागतात, कापण्यास दोन मिनिटें. बहुतेक फजिती होते ती पहिला भाग गाळल्यामुळें. मुलाला पहिल्या दिवशींच निबंध लिहावयास कोणी सांगत नाहीं. आधीं पाटी हातांत देतात, मग रेघा, मग अक्षर. मांजराचेंहि तसेंच आहे. पहिले चार-पांच दिवस तें सुस्त पडलें असतां नुसता पंजा हातांत घ्यावा आणि क्षणभरानें सोडावा. तें पंजा ओढून घेईल तर घेऊं द्यावा. पुढील चार-पांच दिवस आंगठ्यानें आणि तर्जनीनें एकेका बोटाची गादी वरखालून हलकेच दाबावी. नख आपोआप बाहेर येतें. दोरी ओढल्यानें नख बाहेर येतें असें जें वर सांगितलें, त्याचाच हा घरगुती उपयोग आहे. त्यानंतरचे कांहीं दिवस नेलकटरचा ‘खट्’ असा आवाज जवळ करून दाखवावा, पण कापूं नये. प्रत्येक पायरीनंतर लहानसें बक्षीस द्यावें. उकडलेल्या अंड्याचा किंवा मासळीचा एवढासा तुकडा पुरतो. दुधाची वाटी हें बक्षीस समजूं नये. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाहीं. पिल्लू दोन-तीन महिन्यांचें असतांनाच ही संवय लावली तर जन्मभराची कटकट वांचते.

वेळ कोणती घ्यावी? खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां दुपारीं पोटभर खाऊन मांजर शहाबादी फरशीवर लांब पसरलेलें असतें. याहून चांगला मुहूर्त नाहीं. एरवींहि जेवणानंतरची झोंपाळू वेळच साधावी. दिवेलागणीनंतर नखें कापूं नयेत असा घराघरांतून दंडक असे, आणि मुलें त्याला हंसत. मांजराच्या बाबतींत तो दंडक अक्षरशः खरा आहे, कारण या कामांत सर्वांत मोठा मदतनीस म्हणजे भरपूर उजेड. नख उजेडासमोर धरलें म्हणजे त्याच्या आंत मुळाकडून आलेला एक गुलाबी भाग दिसतो. हीच जिव्हाळी. तींत रक्त आहे आणि वेदनाहि आहे. तिच्यापुढें जें पांढरट, अर्धपारदर्शक टोंक असतें तेवढेंच निर्जीव. कापावयाचें तें या टोंकाचें, एक ते दोन मिलिमीटर. जिव्हाळीपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखून. नख काळसर असून जिव्हाळी दिसत नसेल, तर सुईसारखें वांकलेलें अगदीं टोंक तेवढें घ्यावें आणि थांबावें. थोडें कमी कापलें तर पुढच्या वेळीं कापतां येतें. अधिक कापलेलें परत जोडतां येत नाहीं.

हत्याराविषयीं फार खर्च करण्याचें कारण नाहीं. मांजराकरितां निराळ्या लहान कात्र्या मिळतात त्या सोयीच्या आहेत. पण माणसाचें चांगल्या धारेचें नेलकटरहि चालतें. मात्र तें मांजरासाठीं वेगळें ठेवावें. नख दोन्ही बाजूंनीं चपटें असतें, म्हणून आडवें दाबून कापलें तर चिरतें. पातीं वरून आणि खालून येतील असें धरावें. बोथट हत्यार नख कापीत नाहीं, चिरडतें, आणि त्या दुखण्याची आठवण मांजर विसरत नाहीं.

मांजराला मांडीवर पाठमोरें बसवावें, म्हणजे त्याचें तोंड कापणाऱ्याकडे येत नाहीं आणि त्याला कोंडल्यासारखेंहि वाटत नाहीं. घरांत दोघें असतील तर एकानें मान खाजवीत त्याच्याशीं बोलत राहावें. पुढच्या पायांना पांच-पांच आणि मागच्या पायांना चार-चार अशीं बहुतेक मांजरांना अठरा नखें असतात. पुढच्या पायाचें पांचवें नख आंतल्या बाजूस, जमिनीपासून वर असतें. तेंच विसरलें जातें, आणि तेंच वाढून गोल वळतें. मागचीं नखें सावकाश वाढतात. तीं पुष्कळदां कापावींहि लागत नाहींत. सगळीं एका बैठकींत झालींच पाहिजेत असा हट्ट धरूं नये. रोज दोन नखें घेतलीं तरी अठरा नखें नऊ दिवसांत होतात, आणि पुढच्या पाळीस अवकाशहि उरतो. शेपटी आपटूं लागली, कान मागें पडले, पाठीची कातडी थरथरली, कीं तो दिवस संपला असें समजावें. बळजबरीनें कापलेल्या एका नखापायीं उरलेलीं सतरा कायमचीं हातचीं जातात.

सर्व काळजी घेऊनहि एखादे वेळीं जिव्हाळी दुखावते आणि रक्त येतें. अशा वेळीं घाबरून मांजराला सोडून देऊं नये आणि स्वतःहि आरडाओरड करूं नये. न्हाव्याच्या पेटींतील तुरटी येथें उपयोगी पडते. तुरटीची बारीक पूड ओल्या कापसावर घेऊन त्या नखाच्या टोंकाशीं दोन-तीन मिनिटें एकसारखी दाबून धरावी. तुरटी नसेल तर कॉर्नफ्लोअरहि चालतें. रक्त थांबल्यावर मांजराला पंजा लगेच चाटूं देऊं नये, आणि त्या दिवशीं कापण्याचें काम बंद ठेवावें. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलें नाहीं तर पशुवैद्याकडे न्यावें.

म्हाताऱ्या मांजराकडे विशेष लक्ष पुरविणें अवश्य आहे. दहा-बारा वर्षांनंतर त्याची हालचाल मंदावते, ओरबाडणें कमी होतें, टरफलें गळत नाहींत आणि नख जाड होऊन वळत वळत पंजाच्या गादींतच रुततें. मांजर लंगडूं लागतें आणि घरचीं माणसें ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देतात. वास्तविक तें दुखणें केवळ नखाचें असतें. रुतलेलें नख घरीं उपटूं नये. तें पशुवैद्याचें काम आहे. परंतु तेथपर्यंत मजल जाऊं न देणें हें घराचें काम आहे. म्हातारपणीं दर आठवड्यास पंजे पाहिले तर हा प्रसंग येत नाहीं.

एक सावधगिरीची गोष्ट येथें स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मांजराचा ओरखडा हा हंसण्यावारी नेण्याचा विषय नाहीं. पिसवांच्या योगें मांजराच्या नखांत येणाऱ्या एका जंतूमुळें माणसास ताप येतो आणि गांठी सुजतात. १९५० सालीं पॅरिसचे डॉक्टर रोबेर देब्रे यांनीं या विकाराचें वर्णन केलें. तो बहुधा आपोआप बरा होतो. पण रेबीजचें तसें नाहीं. त्याचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी हातीं लागणें जवळजवळ अशक्य असतें. म्हणून घरच्या मांजरास तें तीन महिन्यांचें झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती पुनः देत जावी. लस न दिलेल्या किंवा अनोळखी मांजरानें ओरखडलें अथवा चावलें, तर जखम साबणानें आणि वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. त्यावर हळद, तिखट किंवा चुना लावून बसूं नये. ओरखडा लहान आहे, रक्त आलेलें नाहीं, ही सबब पुरेशी नाहीं.

नखें कापलीं म्हणजे ओरबाडणें थांबेल, अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. ओरबाडणें थांबत नाहीं आणि थांबूंहि नये. त्याला योग्य जागा मात्र द्यावी. खानदेशांत बारदानाला तोटा नाहीं. बाभळीचा एखादा ओंडका किंवा जाड फळी घेऊन तिच्यावर जुनें बारदान अथवा सुतळी घट्ट गुंडाळावी आणि ती हलणार नाहीं अशी सोफ्याशेजारीं उभी करावी. मांजर पाय ताणून उभें राहील इतकी तिची उंची असावी. जागा कोपऱ्यांत लपलेली नसावी. मांजर झोंपून उठतें तेथें जवळच असावी, कारण उठतांच त्याला आंग ताणण्याची इच्छा होते. फळी हलूं लागली तर मांजर तिला पुनः शिवत नाहीं, आणि मग दोष सोफ्याच्या नशिबीं येतो.

कांहीं देशांत या प्रश्नाला एक भयंकर उत्तर शोधण्यांत आलें होतें. शस्त्रक्रियेनें नखें समूळ काढून टाकावयाचीं, म्हणजे कटकट मिटली! परंतु नख शेवटच्या हाडावर वाढतें, म्हणून नख समूळ काढणें म्हणजे प्रत्येक बोटाचें शेवटचें पेर तोडणें होय. ब्रिटनमध्यें २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यान्वयें हा प्रकार निषिद्ध आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं त्यावर बंदी घातली, आणि तसें करणारें तें त्या देशांतील पहिलें राज्य ठरलें. आपल्याकडेहि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें जनावराचें अंग छाटणें हा गुन्हा मानलेला आहे. घरच्या सामानासाठीं कोणाचीं बोटें तोडावीं लागत असतील, तर त्या घरानें मांजर न पाळावें हेंच बरें.

शेवटीं वेळापत्रकाची एक सोपी युक्ति. नखें साधारणपणें दोन ते चार आठवड्यांनीं पाहावीं लागतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत महिन्याच्या दोन एकादशा ठळक छापलेल्या असतातच. त्या दिवशीं मांजराचे पंजे पाहण्याचा नेम ठेवावा. टोंकें बोटाला टोंचत असतील तर कापावीं, नसतील तर नुसता पंजा हातांत धरून सोडून द्यावा. हा नुसता धरून सोडलेला पंजाहि वायां जात नाहीं. ज्या हातांत त्यानें दहा वेळां विश्वासानें पंजा दिला, त्याच हातांत तें आजारपणींहि देतें. आणि ज्या मांजराचा पंजा घरांतील लहानमोठ्यांच्या हातांत असा निर्धास्त विसावतो, त्याला पोत्यांत घालून नदीपलीकडे नेण्याची गोष्ट त्या घरांत कोणी काढीत नाहीं.